झेंड्याचं दुसरं टोक

दि. ६ एप्रिल

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं पत्र पोचलं. गुडघ्याचंच म्हणतो, कारण चार पानांत तू कुठे बोललीसच नाहीस, सगळं तोच बोलला. शस्त्रक्रिया नीट झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर जिना चढू नका म्हणून सांगितलं आहे, तर ते ऐक. लहानपणी तू वडिलांचंही ऐकत नव्हतीस, डॉक्टर बिचारे कोण. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचतो, त्यापेक्षा पत्र बरं.

इकडची बातमी अशी, की सरहद्दीवर गडबड सुरू झाल्यापासून आमच्या पाच मजली इमारतीत एक समिती निघाली आहे. प्रत्येक गॅलरीत झेंडा लागलाच पाहिजे, असं तिने ठरवलं. मला फार आनंद झाला. सकाळी उठून गॅलरीत आलो तर समोरच्या, बाजूच्या, लाँड्रीवरच्या, सगळ्या कठड्यांवर तेच कापड फडफडत होतं. क्षणभर मी पुन्हा शाळेच्या मैदानावर होतो, प्रार्थनेच्या रांगेत, आणि पुढे वडील खाकी कपड्यात दोरी धरून उभे. जुन्या पडद्याची काठी होती, तिला मी माझा झेंडा बांधला आणि कठड्याला दोन जागी आवळला.

संध्याकाळी सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला की मी तो उतरवतो. यात सांगण्यासारखं काही नाही, तुझ्या-माझ्या हाडात मुरलेली गोष्ट ती. शाळेचा शिपाई असलेल्या माणसाची आपण पोरं. रोज दिवेलागणीला एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि वडिलांचं ते गाणं: एक घडी उन्हाची, एक घडी वाऱ्याची, एक घडी पावसाची, शेवटची घरच्यांची. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते, पण पुढे वर्गात इतक्या कविता शिकवल्या, तरी माझी पहिली कविता तीच.

तुझी वहिनी होती तोवर पंधरा ऑगस्टला ती दुसरं टोक धरायची. आता मी ते खुर्चीच्या पाठीला बांधतो. खुर्ची गुणी आहे, पण पाऊल पुढे टाकत नाही. त्यामुळे घडी जरा तिरकी होते.

समितीचा अध्यक्ष कोण, ओळख. माझ्या वर्गातला मॉनिटर. त्याला आम्ही कधी नावाने हाक मारलीच नाही. कविता म्हणायला लागला की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी यायची, तोच. आता फरशीचं मोठं दुकान आहे. काल येऊन पायाला हात लावून गेला. जाताना गॅलरीकडे पाहून विचारलं, की सर, रात्री आपला झेंडा दिसत नाही तो का. मी सांगितलं, उतरवतो. तो हसला. हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, असं आपलं मला वाटलं. वय झालं की उगाच काहीही वाटतं.

गुडघ्यास माझा नमस्कार सांग. लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा,
दादा


दि. ११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. गुडघ्याने नमस्कार घेतला आणि वर कुरकुरून दाखवलं. मी पलंगावर, खिडकीशी. मुलगा वीज कंपनीच्या कामावर बाहेरगावी, सूनबाई शाळेत, आणि मी दिवसभर रस्ता पाहत बसते. माझ्यासारख्या बाईला बसवून ठेवणं म्हणजे शिवणयंत्राला रंगीत कापड दाखवून सुई काढून घेण्यासारखं आहे. इस्पितळाच्या शिवणघरात तीस वर्षं चादरी शिवल्या, पण आपण त्यांच्यावर पडून राहायचं असतं हे माहीत नव्हतं.

तुझी खुर्ची वाचून हसले आणि मग हसू गेलं. दादा, मॉनिटरचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही असं तू लिहिलंस, ते मला आवडलं नाही. तू स्वप्नाळू असलास तरी माणसाचं तोंड तुला वाचता येतं, चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचलीस. आमच्या गल्लीतही झेंडे लागले आहेत. आमचाही गच्चीवर लागला आहे. मला वर जाता येत नाही, म्हणून दिवसरात्र तसाच आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळ झाली आणि माझे हात आपोआप उचलले गेले. सूनबाईने विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, काही नाही.

तू उतरवतोस ते बरोबरच आहे. पण का उतरवतोस ते लोकांना सांगितलंस का? नसेल तर सांग. वर्गात सांगायचास तसं, सोपं करून.

प्रकृतीस जप. पत्राची वाट पाहते आहे.
तुझी,
चिमटी


दि. १६ एप्रिल

चि. चिमटीस,
अ. उ. आ. तू म्हणालीस तसं सोपं करून सांगितलं. उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही तेही लिहितो.

समितीची माणसं संध्याकाळी कामं आटोपून फेरी मारतात. त्या वेळी सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या आणि माझी एकटी रिकामी. दिवसा झेंडा लावलेला असतो, हे त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही, कारण दिवसा ते घरी नसतात. कुणीतरी खालून फोटो काढला. सगळी इमारत रंगीत आणि मधोमध माझा रिकामा कठडा, पडलेल्या दातासारखा. ही उपमा माझी नाही, समोरच्या दारातल्या दंतवैद्य बाईंची. त्यांनीच तो फोटो मला त्यांच्या फोनवर दाखवला. खाली काय लिहिलं होतं ते मात्र त्यांनी अंगठ्याने झाकून धरलं. मी अंगठा बाजूला करायला सांगितलं नाही.

मॉनिटर पुन्हा आला, या वेळी चौघांना घेऊन. चौघे दारातच उभे राहिले, चपला न काढता. मी वडिलांची सगळी गोष्ट सांगितली, सूर्याबरोबर चढवायचा, सूर्याबरोबर उतरवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. वाटलं, शेवटी तो स्वतः तरी हसेल. शाळेत तो मॉनिटर होता तेव्हा वडील म्हातारे झाले होते, संध्याकाळी दुसरं टोक तोच धरायचा. पण त्याने खाली पाहून सांगितलं, की त्याचा मुलगा सरहद्दीवर आहे. पोर तिकडे रात्र रात्र जागतं, मग इथे झेंड्याने का झोपावं.

 त्याची बाजू मला कळली. घरातलं माणूस तिकडे असेल तर त्याच्यासाठी दिवा विझवू नये असं वाटणारच. माझं म्हणणं एवढंच, की ज्याची रोज उठून काळजी घ्यावी लागते त्याचाच मान राहतो. टांगून विसरलं की ते नुसतं कापड. पण हे सरहद्दीवरच्या पोराच्या बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी गप्प बसलो. मागच्या चौघांनी त्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावला.

तेव्हापासून जिन्यात कुणी बोलत नाही. दंतवैद्य बाई बोलतात, पण दार अर्धंच उघडून. लाँड्रीवाल्याने माझे कपडे इस्त्री न करता परत दिले आणि कोळसा संपला म्हणाला. शेगडी मागे लाल दिसत होती. काल सकाळी दारावर खडूने फुली मारलेली होती. पांढऱ्या खडूची, फळ्यावर चुकीच्या गणितावर मारतात तशी. मी ओल्या फडक्याने पुसली. तासाभराने वाळल्यावर पुन्हा दिसू लागली.

तू घाबरू नकोस असं लिहिणार होतो. पण मग मला कोण म्हणणार?
तुझा,
दादा


दि. २० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. विनोद करायचा विचार होता, जमत नाही.

तो फोटो आमच्या गावात आला आहे. सूनबाईला तिच्या शाळेतल्या बाईंनी दाखवला. त्या बाईंना ठाऊक नव्हतं, की ते घर तिच्या मामेसासऱ्यांचं आहे. त्या म्हणाल्या, असल्या माणसांना आधी हाकलून दिलं पाहिजे. सूनबाई घरी येऊन माझ्याजवळ बसून रडली. खाली काय लिहिलं आहे ते मी वाचलं. अंगठा ठेवून त्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्यावर उपकार केले.

दादा, ऐक. आमच्याकडे मागच्या रस्त्यावर एका बाजा वाजवणाऱ्या गृहस्थांच्या घरावर लोक गेले. त्यांचा म्हणे कार्यक्रमात राष्ट्रगीताचा सूर चुकला होता. त्यांनी हात जोडले तरी त्यांचा बाजा रस्त्यावर आणून फोडला. पट्ट्या अजून गटाराच्या कडेला पडल्या आहेत, मला खिडकीतून दिसतात. तो माणूस चाळिशीचा, धडधाकट. तू पंच्याहत्तरचा, छातीत मशीन बसवलेलं, एकटा.

म्हणून सांगते, झेंडा उतरवू नकोस. राहू दे रात्रंदिवस. वडिलांना राग येणार नाही. त्यांनी कापडापेक्षा आपल्याला जास्त जपलं. तुला माझी शपथ आहे. मला वर-खाली करता येत असतं तर मी स्वतः येऊन ती गाठ दुहेरी मारली असती. एकच कर, टोक जिथे उसवलं असेल तिथे दोन टाके घाल. जमतील तसे.

हे कर आणि लगेच कळव. तोवर माझ्या तोंडात घास जाणार नाही. लोभ असेलच, शपथेवरून कमी करू नकोस.
तुझी,
चिमटी


दि. २४ एप्रिल

चि. चिमटीस,
अ. उ. आ. तुझी शपथ पाळली. काल सूर्य टाकीमागे गेला आणि मी गॅलरीकडे पाठ करून बसलो. पेपर वाचत होतो असं म्हणता येईल, उलटा होता ते नंतर लक्षात आलं.

फेरीवाले आले. खालून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्य बाईंनी दार पूर्ण उघडून विचारलं, की भाजी देऊ का. लाँड्रीवाल्याचा कोळसाही आज परत आला. इतकं सोपं होतं तर.

टाके घातले. तू पाहशील तर हसशील. मुंग्यांची रांग वाट चुकली आहे असं दिसतं.

सगळे सुखी आहेत, चिमटे. फक्त संध्याकाळी हाताला काम नसतं. खुर्ची तशीच पुढे ओढून ठेवली आहे.
तुझा,
दादा


दि. २५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं उत्तर अजून आलं नाही, तरी लिहिते. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते भीतीने लिहिलं. आजचंही भीतीनेच लिहिते आहे, पण भीती वेगळी आहे.

काल इकडे वारा सुटला. सूनबाईने मला हाताला धरून मागच्या पडवीत आणून बसवलं, तिथून गच्ची दिसते. आमचा झेंडा विजेच्या तारेला गुंडाळला गेला होता आणि त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तसाच लोंबत होता. खालून माणसं जात-येत होती, एकानेही वर पाहिलं नाही. हीच माणसं तुझ्या रिकाम्या कठड्यासाठी दात-ओठ खातात. वडील असते तर शिडी लावून चढले असते.

मी तुला शपथ घातली ती मोडून घेते. तू मोठा आहेस, पण शपथ माझी आहे, तेव्हा मोडायचा हक्कही माझाच. तू तो आत घेत जा. फार तर असं कर, समितीची फेरी होऊन जाऊ दे आणि मग उतरव. सूर्य थोडा वेळ रागावेल, पण समजून घेईल.

हे पत्र तुला आधीच्या पत्राच्या पाठोपाठ मिळावं अशी इच्छा आहे. टपाल खात्याला पंख नाहीत, नाहीतर मी याच पत्रावर बसून आले असते.
तुझी,
चिमटी


दि. २९ एप्रिल

चि. चिमटीस,
अ. उ. आ. तुझं शपथ मोडणारं पत्र आज दुपारी आलं. झेंडा परवा पडला.

तुमच्याकडचा वारा इकडे आला असावा. पहाटे उठून पाहतो तर काठी एका गाठीवर लटकलेली आणि झेंडा नाही. खाली वाकून पाहिलं. माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली, लाँड्रीचं पाणी जातं त्या गटारात, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यावरून कुणाच्या तरी स्कूटरचं चाक गेलं होतं. मी तीन मजले कसा उतरलो ते आठवत नाही. चप्पल एकाच पायात होती. दोन्ही हातांनी तो उचलला आणि सरळ उभा राहिलो, तर समोर फेरीतला एक जण फोन धरून उभा. त्याने फोटो काढून झाल्यावर बाजूला होऊन मला वाट दिली.

दुपारपर्यंत बोलणं पक्कं झालं होतं. म्हाताऱ्याला झेंडा लावायला भाग पाडलं, म्हणून त्याने रागाने गटारात फेकला. इतर झेंडे जागेवर आहेत, एकट्या याचाच कसा पडतो? प्रश्न चुकीचा नाही. माझ्याकडे उत्तर असं की मला गाठ मारता येत नाही. रोज सकाळी बांधायचो ती गाठ संध्याकाळपर्यंतच टिकायची, कारण तिला तेवढंच टिकायचं असे.

मॉनिटर आला, एकटा. बसला नाही. सांगितलं, रविवारी संध्याकाळी खाली चौकात सभा आहे. लाऊडस्पीकर असेल. मी सगळ्यांसमोर सांगायचं की झेंडा मीच फेकला आणि माफी मागायची. मग तो पुढचं सांभाळेल. नाही मागितली तर बाहेरच्या वस्त्यांतूनही माणसं येणार आहेत, त्यांना तो अडवू शकणार नाही. हे सांगताना त्याचा आवाज चांगला नव्हता. मी विचारलं, मुलाची काही खबर? त्याने मान हलवली. बरेच दिवस फोन नाही.

तुला खरं लिहितो. मला फार भीती वाटते. बेल वाजली की छातीतलं मशीन टिचकी मारतं. स्वयंपाकघराची खिडकी मी पुस्तकांनी बंद केली आहे, तिथून काल कुणीतरी काहीतरी फेकलं. काच गेली, मला लागलं नाही. आणि जे केलं नाही ते केलं म्हणायचं, तेही या कापडाबद्दल, हे माझ्या तोंडून निघेल की नाही, ते रविवारी तोंड उघडल्यावरच कळेल.

झेंडा धुतला. चिखल गेला, चाकाचा डाग राहिला. सावलीत वाळवला. तुझ्या वहिनीच्या जुन्या इस्त्रीने इस्त्री केली.

काही कमी-जास्त झालंच तर माझी कवितांची पुस्तकं सूनबाईच्या शाळेला दे. समासांत मी पेन्सिलीने काहीबाही लिहिलं आहे, ते मुलांना वाचू दे, खोडू नका.
तुझा,
दादा


दि. ४ मे, सोमवार

ती. दादास,
तुझं पत्र आज दुपारी मिळालं. रविवार काल होऊन गेला.

मला नमस्कार लिहायचंही सुचत नाही. काल संध्याकाळी मी इथे खिडकीशी बसून बाहेरच्या पोरांचा खेळ बघत होते आणि सूनबाईला म्हणत होते की आज गुडघा बरा वाटतो. त्याच वेळी तू चौकात उभा असशील. माझी शपथ नसती तर झेंडा घडी होऊन तुझ्या कपाटात राहिला असता.

दुपारपासून सूनबाई तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावते आहे. वाजतो आणि थांबतो. तुझा तर वाजतच नाही. मुलाला निरोप धाडला आहे, पण तो दोन दिवसांच्या वाटेवर. हे पत्र कुणासाठी लिहिते आहे ते मला ठाऊक नाही. तू वाचशील असं धरून चालते. दादा, वाच.

ता. क. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनीच फोन केला. मास्तर घरी आहेत, एवढं सांगितलं. सूनबाईने विचारलं, बरे आहेत का, तर पुन्हा तेच, घरी आहेत. आवाज फार हळू होता आणि मागे माणसं बोलत होती. मग फोन बंद झाला.
चिमटी


दि. ४ मे

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मी आहे. सगळ्यात आधी हे लिहितो, म्हणजे तू पुढचं स्वस्थपणे वाचशील.

काल संध्याकाळी बोलवायला आले तेव्हा मी तयारच होतो. शाळेचा शेवटच्या दिवसाचा कोट घातला. झेंडा काठीला बांधून हातात घेतला. जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली होती आणि आतून कुणीतरी बघत होतं. चौकात दिव्याच्या खांबाखाली टेबल आणि त्यावर लाऊडस्पीकर. माणसं इतकी होती की लाँड्री दिसत नव्हती. ओळखीची थोडी. अनोळखी माणसं पुढे उभी होती, त्यांच्यातल्या एकाच्या हातात सायकलची साखळी होती. तो ती रुमालासारखी बोटाला गुंडाळत होता.

मॉनिटरने माझी काठी घेऊन टेबलाच्या पायाला उभी बांधली. मग माइक माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं. चिमटे, चाळीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलो, आवाज कधी गेला नाही. काल गेला. नुसता वारा बाहेर पडला आणि लाऊडस्पीकरने तो मोठा करून सगळ्यांना ऐकवला. कुणीतरी हसलं. साखळीवाला एक पाऊल पुढे आला.

तेव्हा सूर्य टाकीमागे गेला.

मी धीट झालो असं समजू नकोस. कुठे बघावं ते कळत नव्हतं म्हणून वर पाहिलं, इतकंच. पण उजेड गेलेला दिसला आणि हात आपले कामाला लागले. मी काठी सोडवली, झेंडा काढला. कुणी ओरडलं, की बघा, आमच्यासमोर उतरवतोय. एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं खाली घसरत होतं, जमिनीकडे. खुर्ची वर घरी राहिली होती. मी समोर पाहिलं. समोर मॉनिटर होता.  टोक जमिनीला टेकायच्या आत त्याने ते धरलं. माइक बगलेत मारला आणि दोन्ही हातांनी धरलं, जसा आठवीत धरायचा तसा, अंगठे आत घेऊन.

मग आम्ही घडी घातली. पहिल्या घडीला तो पुढे आला, दुसरीला मी. त्याचे ओठ हलत होते. ऐकू आलं नाही, पण मी ओठ वाचले. उन्हाची, वाऱ्याची, पावसाची. चौथीला मी त्याच्या हातावर हात ठेवला. माणसं गप्प होती. का गप्प होती, ते मला सांगता येणार नाही. कदाचित पुढे काय करायचं असतं ते कुणाला माहीत नव्हतं.

मग त्याने माइक तोंडाशी नेला आणि सांगितलं, की सरांनी माफी मागितली आहे, सभा संपली.

मी माफी मागितली नव्हती. तो ते जाणून होता. मी तिथेच सांगू शकलो असतो, मान हलवूनसुद्धा. नाही हलवली. साखळी अजून त्या पुढच्या माणसाच्या बोटाला होती. माणसं हळूहळू पांगली, थोडी नाराज होऊन, खेळ रद्द झाल्यासारखी.

जिन्यापर्यंत मॉनिटर सोबत आला. झेंडा माझ्या हातात देऊन हलकेच म्हणाला, की उद्यापासून रात्री लावूनच ठेवा सर. येत्या रविवारी ती माणसं पुन्हा येणार आहेत आणि तो दर वेळी असं करू शकणार नाही. मी विचारलं, मुलाचा फोन? त्याने जिन्याच्या कठड्याला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग गेला.

आज दिवसभर समितीची माणसं मजल्यावर ये-जा करत होती. सकाळी झेंडा लावला. संध्याकाळी हे पत्र लिहिताना उजेड कमी होतो आहे. लावून ठेवावा, की आत घ्यावा, ते ठरत नाही. मॉनिटरने मला वाचवलं आणि माझ्या नावावर एक खोटं लिहून ठेवलं. आता त्या खोट्यासारखं वागलं तर मी सुरक्षित. तू काय म्हणशील?

लोभ असू दे. आत्ता त्याची गरज आहे.
तुझा,
दादा


दि. ८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तू आहेस हे वाचलं आणि पत्र सूनबाईच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचून दाखवलं, मला अक्षरं दिसत नव्हती.

तू विचारलंस काय म्हणशील. आधी दोनदा म्हणून पाहिलं, एकदा लाव म्हटलं, एकदा काढ म्हटलं, आणि दोन्ही टपालाने पाठवलं. लांबून सल्ला देणं सोपं असतं, ते आता बंद. मी उद्या पहाटेच्या गाडीने येते आहे. डॉक्टर नाही म्हणाले. मी त्यांना सांगितलं, तीन मजले मी बसून चढेन, एकेक पायरी, लहान मूल चढतं तशी. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

काल सूनबाईने आमच्या तारेवरच्या चिंध्या बांबूने सोडवून खाली आणल्या. आम्ही दोघींनी त्या पलंगावर पसरल्या. घडी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी घातली. तिला ते गाणं आधी माहीत नव्हतं, आता येतं. शिवणाची पिशवी घेऊन येते आहे. तुझी वाट चुकलेली मुंग्यांची रांग उसवून नीट घालायची आहे, आणि गाठही शिकवीन.

रविवारचं मला भय वाटतं. तुझ्याइतकंच, कदाचित जास्त, कारण मला पळताही येणार नाही. हे पत्र मी आज टाकते आहे, म्हणजे माझ्यामागून पोचेल. रविवार उलटल्यावर पोस्टमन ते घेऊन येईल. तेव्हा दार आपण दोघांनी मिळून उघडावं आणि तू ते मला वाचून दाखवावंस, अक्षर वाईट आहे म्हणून नावं ठेवत, एवढीच माझी इच्छा आहे.

डॉक्टरीणबाईंकडे फोनवर निरोप ठेवला आहे, तोच इथेही लिहिते: मी पोचेपर्यंत संध्याकाळी उजेड गेला तर झेंडा हातात धरून थांब. खुर्ची मात्र बाजूला कर. दुसरं टोक मी धरीन.
तुझी,
चिमटी